पार्किन्सनमधील श्वास, स्नायू आणि दमसास: व्यायाम कोणत्या क्रमाने करावा

पार्किन्सनचे निदान झालेल्या माणसाला बहुधा "रोज थोडे चालत जा आणि दीर्घ श्वास घेत जा" एवढाच सल्ला मिळतो. तो माणूस हा सल्ला मनापासून पाळतो, आणि तरीही काही महिन्यांनी जिना चढताना अधिक दम लागतो, खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात आणि बोलताना वाक्य अर्ध्यावर तुटते. यात त्याचा आळस क्वचितच असतो. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. ताठरलेली छाती मोकळी न करताच दीर्घ श्वासाचा प्रयत्न होतो, गोळीचा असर उतरलेला असताना चालायला निघण्याची घाई होते, आणि श्वास आत घेण्यावर सगळा भर देताना तो जोराने बाहेर टाकण्याच्या ताकदीकडे, म्हणजेच खोकल्याच्या ताकदीकडे, कोणी पाहत नाही.

आणखी एक अडचण आजाराच्या स्वभावातच आहे. पार्किन्सनमध्ये हालचाल लहान होते, पण करणाऱ्याला ती पूर्ण झाल्यासारखी वाटते; अक्षर बारीक होते, आवाज खाली जातो, पाऊल आखूड पडते, आणि श्वासाचेही तसेच होते. त्यामुळे "मला पुरेसे वाटले" हा निकष येथे उपयोगाचा नाही. पुढील प्रत्येक टप्प्यात घड्याळ, टेप, आरसा किंवा सोबत राहून काळजी घेणाऱ्या शुभंकराचे डोळे यांपैकी एखादे बाहेरचे माप वापरलेले आहे, ते याच कारणाने.

## टप्पा १: दम कशाने लागतो ते आधी ठरवा

पार्किन्सन आहे म्हणून दमही त्याचाच, असे गृहीत धरणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हृदयविकार, रक्तक्षय, दमा, धूम्रपानामुळे झालेला फुप्फुसांचा आजार ही कारणे याच वयात आढळतात. म्हणून व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, हिमोग्लोबिन आणि शक्य असल्यास स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजण्याची चाचणी, करून घ्यावी.

प्रत्यक्ष पार्किन्सनमुळे श्वास अडण्याचे प्रकारही निरनिराळे असतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. बरगड्यांमधील स्नायू ताठरल्यामुळे आणि पाठीला पोक आल्यामुळे छाती पुरेशी फुलत नाही. हा प्रकार व्यायामाने सुधारतो. काहींना गोळीचा असर उतरू लागला की छाती आवळल्यासारखी होते, घाबरल्यासारखे वाटते आणि पुढची गोळी लागू पडताच ते थांबते. येथे औषधांच्या वेळा बदलाव्या लागतात. याउलट काहींना गोळीचा असर ऐन भरात असताना, हातापायांच्या अनैच्छिक हालचालींबरोबरच, श्वास भरभर आणि अनियमित होतो. हा लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाचा, दुष्परिणाम असू शकतो, आणि श्वसनाचे कितीही व्यायाम केले तरी तो जात नाही.

हे ओळखण्यासाठी एक आठवडा साधी नोंद ठेवावी: दम केव्हा लागला, शेवटची गोळी किती वाजता घेतली होती, त्या वेळी माणूस बसला होता की चालत होता, आणि किती मिनिटांनी बरे वाटले. डॉक्टरांना या एका कागदाचा जितका उपयोग होतो तितका "अधूनमधून दम लागतो" या वाक्याचा होत नाही.

सावधान: छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, बसल्या जागी अचानक दम लागणे, जेवणानंतर खोकला सुरू होऊन ताप येणे, किंवा श्वास आत घेताना घशातून शिट्टीसारखा कर्कश आवाज येणे, यांपैकी काहीही झाल्यास हा लेख बाजूला ठेवून त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

## टप्पा २: सुरुवातीची मापे लिहून ठेवा

मापे नेहमी एकाच वेळी, म्हणजे गोळीचा असर चांगला असताना, घ्यावीत. एकदा असर असताना आणि एकदा नसताना घेतलेल्या मापांची तुलना निरर्थक ठरते.

छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या पातळीवर शिवणकामाची टेप छातीभोवती गुंडाळून पूर्ण श्वास सोडल्यावर एकदा आणि पूर्ण श्वास घेतल्यावर एकदा माप घ्यावे. दोहोंतील फरक नोंदवावा. त्यानंतर एका श्वासात, सहज बोलण्याच्या आवाजात, "आ" किती सेकंद टिकतो ते पाहावे. पायांच्या ताकदीसाठी हात छातीवर दुमडून खुर्चीतून सलग पाच वेळा उठून बसायला किती सेकंद लागतात ते मोजावे. पार्किन्सन असलेल्या व्यक्तीला यासाठी १६ सेकंदांहून अधिक वेळ लागत असल्यास पडण्याचा धोका वाढलेला मानतात. हात न टेकता एकदाही उठता येत नसेल, तर तेच माप म्हणून लिहावे आणि फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय टप्पा ७ सुरू करू नये.

शेवटी रक्तदाब. पाच मिनिटे आडवे पडून एकदा, आणि उभे राहिल्यावर पहिल्या व तिसऱ्या मिनिटाला तो मोजावा. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरत असेल, तर उभे राहताना चक्कर येण्याची शक्यता गृहीत धरून डॉक्टरांशी आधी बोलावे. उभ्याने होणाऱ्या व्यायामांतील पडझडीचे हे कारण अनेकदा नजरेतून सुटते.

## टप्पा ३: गोळीची वेळ आणि व्यायामाची वेळ जुळवा

लेव्होडोपाचा असर साधारणपणे गोळी घेतल्यानंतर अर्धा ते एक तासात जाणवू लागतो. व्यायाम त्या चांगल्या अवधीत बसवावा. सकाळी उठल्याबरोबर, रात्रभर औषध पोटात नसताना, ताठर अंगाने जोर लावणे हे कष्टाचे खरे, पण फायद्याचे नाही. अशा वेळी पाऊल वळण्याची आणि पोटऱ्यांत गोळे येण्याची शक्यताही अधिक असते.

प्रथिनयुक्त जेवणामुळे लेव्होडोपाचे शोषण आणि मेंदूपर्यंत पोहोचणे मंदावते. म्हणून सर्वसाधारणपणे गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा एक तास नंतर घेण्यास सांगतात. भरपेट जेवण, त्यासोबतच गोळी आणि मग लगेच व्यायाम असा क्रम लावला, तर औषध, पोट आणि श्वासपटल (छाती व पोट यांमधला श्वासाचा स्नायू) या तिघांचीही गैरसोय होते.

व्यायामाच्या सोयीसाठी गोळीची वेळ परस्पर पुढे ढकलू नये, आणि व्यायामाने बरे वाटते म्हणून डोस कमी करू नये. व्यायामाची वेळ हलवावी, गोळीची नव्हे.

## टप्पा ४: जागा तयार करा

हाताच्या आधाराची, न घसरणारी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. जमिनीवरील सतरंजी, वायर आणि पायपुसणे उचलावे. सपाट तळव्याचे, टाच बांधलेले बूट घालावेत. पार्किन्सनमध्ये घामाचे नियंत्रण बिघडलेले असू शकते, त्यामुळे खोली हवेशीर असावी आणि पाणी हाताशी असावे. ज्यांना पाणी पिताना ठसका लागतो त्यांनी दमलेल्या अवस्थेत पाण्याचा मोठा घोट घेऊ नये. आधी श्वास शांत होऊ द्यावा.

मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास फिजिओथेरपीच्या पहिल्याच भेटीत ते सांगावे. अशा व्यक्तीला डायथर्मी, म्हणजे शेक देण्याचा तो विशिष्ट विद्युत उपचार, शरीराच्या कोणत्याही भागावर देता कामा नये. त्याने जीव जाऊ शकतो.

## टप्पा ५: आधी छातीचा पिंजरा मोकळा करा

ताठरलेला पिंजरा गंजलेल्या बिजागरीसारखा असतो: आधी हलवून सैल करावा लागतो, मग जोर लावायचा. या टप्प्याला दहा मिनिटे द्यावीत आणि तो कधीही गाळू नये.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागात, पाठ न टेकता बसावे. बोटे डोक्यामागे गुंफून कोपर शक्य तितके मागे न्यावेत आणि नजर समोरच्या भिंतीवर थोडी वर ठेवावी. पाच सावकाश श्वास होईपर्यंत तेथेच थांबावे. त्यानंतर हात छातीवर दुमडून, कंबर न हलवता, वरचे धड उजवीकडे व डावीकडे वळवावे. या आजारात कणा वळवण्याची क्षमता लवकर कमी होते, आणि मान वळली म्हणजे धड वळले असा समज होतो. म्हणून शुभंकराने मागे उभे राहून खांदे खरोखर फिरतात की नाही ते पाहावे. शेवटी भिंतीला टाचा, नितंब आणि पाठ लावून उभे राहावे आणि डोके भिंतीकडे नेण्याचा प्रयत्न करावा. ते टेकलेच पाहिजे असा हट्ट नको.

तपासणी: आरशासमोर बाजूने उभे राहावे. कान खांद्याच्या रेषेच्या बराच पुढे असेल, तर पुढच्या टप्प्यातील श्वास उथळच राहणार आहे. हा टप्पा आणखी पाच मिनिटे करावा.

## टप्पा ६: श्वास आत, श्वास बाहेर आणि खोकला

आत घेणे. दोन्ही तळहात खालच्या बरगड्यांच्या बाजूंवर ठेवावेत आणि नाकाने श्वास घेताना ते हात बाहेर ढकलले जातील असा प्रयत्न करावा. खांदे कानाकडे उचलले जात असतील तर श्वास वरच्या वर राहत आहे. सोडताना ओठ चंबूसारखे करून, घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावावा.

हे जमल्यावर श्वासावर श्वास रचण्याचा प्रकार घ्यावा: एक श्वास घ्यावा, क्षणभर थांबावे, न सोडता त्यावर आणखी थोडा घ्यावा, पुन्हा थोडा घ्यावा, आणि मग सावकाश सोडावा. एका दमात छाती न फुलणाऱ्या माणसाला या पायऱ्यांनी ती फुलवता येते. अशा तीन ते पाच आवर्तनांनंतर साधा श्वास घेत विश्रांती घ्यावी. एकापाठोपाठ अनेक दीर्घ श्वास घेतल्याने कार्बन डायऑक्साइड कमी होऊन हलके वाटते, बोटांना मुंग्या येतात. पुष्कळ जण यालाच "व्यायाम लागू पडला" असे समजतात. ती थांबण्याची खूण आहे. श्वास फार वेळ रोखून धरण्याचे प्रकारही, विशेषतः रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास, करू नयेत.

बाहेर टाकणे. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातील सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच आहे. पार्किन्सनच्या उत्तरार्धात मृत्यूचे एक प्रमुख कारण न्यूमोनिया असते, आणि त्यातील बराचसा अन्न, पाणी किंवा लाळ श्वासनलिकेत उतरल्यामुळे होतो. निरोगी माणूस अशा वेळी जोराने खोकून ते बाहेर काढतो. येथे मात्र पोटाचे आणि बरगड्यांचे स्नायू तेवढा धक्का देऊ शकत नाहीत, आणि काहींना घास चुकीच्या वाटेने गेल्याचे जाणवतही नाही, ठसकासुद्धा लागत नाही.

यासाठी नळीतून फुंकर मारण्याचे एक छोटे उपकरण वापरतात. त्यात एक स्प्रिंगची झडप असते. ठरावीक दाब निर्माण झाला तरच ती उघडते आणि हवा बाहेर जाते. रूढ पद्धत अशी आहे: प्रत्येकी पाच फुंकरांच्या पाच फेऱ्या, आठवड्यातून पाच दिवस, चार ते पाच आठवडे, आणि झडपेचा दाब त्या व्यक्तीच्या कमाल दाबाच्या सुमारे ७५ टक्के. हा दाब स्पीच थेरपिस्ट किंवा श्वसनाचे फिजिओथेरपिस्ट मोजून लावून देतात आणि दर आठवड्याला वाढवतात. घरी होणाऱ्या चुका नेहमीच्याच आहेत: गाल फुगवून गालांच्याच जोरावर फुंकणे, ओठांच्या कडेने हवा निसटू देणे, आणि झडप सहज उघडावी म्हणून दाब कमी करून ठेवणे. गालांवर बोटे दाबून ठेवली की पहिली चूक लगेच थांबते.

सावधान: अनियंत्रित रक्तदाब, नुकताच झालेला पक्षाघात, हर्निया, पोटाची अलीकडील शस्त्रक्रिया किंवा फुप्फुसाला पूर्वी झालेली इजा असल्यास हे उपकरण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय वापरू नये.

उपकरण मिळेपर्यंत दोन गोष्टी करता येतात. पूर्ण श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा "हाऽ" असा जोरदार उच्छ्वास तीन वेळा करावा, आणि शेवटी एक ठणठणीत खोकला काढावा. त्याशिवाय रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचन करावे. आपल्याला ओरडल्यासारखे वाटेल एवढा आवाज लावला, की समोरच्याला तो बहुधा सामान्य वाटतो.

तपासणी: जेवताना ठसका, जेवणानंतर घोगरा किंवा ओलसर आवाज, विनाकारण घटणारे वजन, यांपैकी एखादे लक्षण असल्यास गिळण्याची तपासणी करून घ्यावी. व्यायाम हा त्या तपासणीला पर्याय नाही.

## टप्पा ७: स्नायूंची ताकद

पार्किन्सनमधील अशक्तपणा दुहेरी असतो. मेंदूकडून स्नायूला मिळणारी आज्ञा अपुरी आणि उशिरा पोहोचते, म्हणून जोर असूनही तो वेळेवर लागत नाही. आणि हालचाल कमी झाल्यामुळे स्नायू प्रत्यक्षातही झिजतात. म्हणून नुसते हळूहळू वजन उचलून भागत नाही. उचलताना झपाट्याने आणि परतताना सावकाश, अशी सवय लावावी लागते. शरीर पुढे वाकवणारे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या विरुद्ध बाजूचे, म्हणजे पाठीचे, नितंबांचे आणि मांडीच्या पुढचे स्नायू आधी बळकट करावेत. दंडाचे डंबेल उचलत बसणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत कमी उपयोगाचा मार्ग आहे.

आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा ठेवून, प्रत्येक प्रकाराची १० ते १५ आवर्तने करावीत. सर्वांत महत्त्वाचा प्रकार खुर्चीतून उठणे हा आहे आणि तो पुढील क्रमानेच करावा:

१. नितंब खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकवावेत.
२. पावले मागे घ्यावीत, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे याव्यात. पावलांत खांद्यांएवढे अंतर असावे.
३. धड पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या वर आणावे. येथे भीती वाटते आणि माणूस मागे रेलतो. बहुतेकांचे उठणे येथेच फसते.
४. "उठ" असे मोठ्याने म्हणून, श्वास सोडत, एका झटक्यात पूर्ण सरळ उभे राहावे. गुडघे वाकलेले राहू देऊ नयेत.
५. मनात चार मोजत सावकाश बसावे. धपकन बसल्यास ते आवर्तन मोजू नये.

याखेरीज भिंतीला हात टेकून टाचा उचलणे, रबरी पट्टा छातीकडे ओढून खांद्यांची पाती जवळ आणणे, आणि ओट्याचा आधार घेऊन पाय मागे उचलणे एवढे पुरेसे आहे. जोर लावताना श्वास कोंडून धरू नये. आवर्तने मोठ्याने मोजली की श्वास आपोआप सुटत राहतो.

तपासणी: पंधरावे आवर्तनही पहिल्याइतकेच सहज होत असेल, तर वजन वाढवावे किंवा खुर्ची थोडी ठेंगणी घ्यावी. दुसऱ्या दिवशी अंग थोडे दुखणे ठीक आहे, सांधा दुखणे ठीक नाही.

## टप्पा ८: दमसास

रमतगमत चालणे मन प्रसन्न ठेवते, पण दमसास वाढवण्यासाठी ते पुरत नाही. आठवड्यातून किमान तीन दिवस, प्रत्येक वेळी ३० मिनिटे, मध्यम ते जोरकस श्रम हा आज सर्वत्र दिला जाणारा सल्ला आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील एका चाचणीत सौम्य आजार असलेल्या रुग्णांनी घरी, स्थिर सायकलवर, आठवड्यातून तीनदा ३० ते ४५ मिनिटे असा व्यायाम सहा महिने केला. औषधाचा असर नसताना मोजलेली त्यांची हालचालींची लक्षणे केवळ ताणाचे व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत कमी बिघडली. २०१८ च्या अमेरिकी "स्पार्क्स" चाचणीने नुकतेच निदान झालेल्यांना कमाल नाडीगतीच्या ८० ते ८५ टक्क्यांपर्यंतचा ट्रेडमिलवरील व्यायाम सुरक्षितपणे करता येतो हे दाखवले. मात्र त्या रुग्णांची हृदयतपासणी आधी झालेली होती, हे विसरू नये.

नाडीच्या आकड्यावर येथे पूर्ण विसंबता येत नाही. पार्किन्सनमध्ये स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे नाडी व रक्तदाब आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बाधित झाल्यास श्रम वाढूनही नाडी पुरेशी वाढत नाही, आणि रक्तदाब व हृदयविकारासाठी दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील औषधेही ती दाबून ठेवतात. २२० मधून वय वजा करून काढलेला कमाल नाडीगतीचा आकडा गाठण्यासाठी धडपडणे अशा वेळी धोक्याचे ठरते. त्याऐवजी श्रमाला शून्य ते दहा असे गुण द्यावेत आणि शुभंकराने मध्येच प्रश्न विचारावा. पूर्ण वाक्यात सहज उत्तर आले तर वेग कमी आहे. तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर बरोबर आहे. एक शब्दही निघत नसेल तर जास्त आहे. मूळचा आवाजच क्षीण असेल, तर बोटांनी गुण दाखवण्याचे आधीच ठरवावे.

सुरुवात तुकड्यांनी करावी: दोन मिनिटे जोर, दोन मिनिटे सावकाश, असे पाच वेळा. दर आठवड्याला जोराचा भाग थोडा वाढवावा आणि सावकाशचा घटवावा. शेवटची पाच मिनिटे हळूहळू वेग उतरवण्यासाठी राखावीत, कारण एकदम थांबल्यास रक्तदाब झपाट्याने खाली येतो. तोल डळमळीत असेल किंवा पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील, तर चालण्याऐवजी पाठीला आधार असलेली स्थिर सायकल निवडावी. चालताना पाय चिकटलेच, तर पुढे रेटा न देता थांबावे, ताठ उभे राहावे, भार एका पायावरून दुसऱ्यावर डोलवावा आणि मग "एक" म्हणून एकच मोठे पाऊल टाकावे. अशा वेळी शुभंकराने हात धरून ओढू नये; तोल त्यानेच जातो.

## टप्पा ९: पुन्हा मोजा, आणि खंड पडल्यास काय करावे

दर चार आठवड्यांनी टप्पा २ मधील मापे त्याच वेळी, त्याच खुर्चीत घ्यावीत. छातीचे माप वाढले पण "आ" तेवढाच राहिला, तर टप्पा ६ मधील उच्छ्वासाचा भाग वाढवावा. उठण्याचा वेळ घटला पण दम कायम असेल, तर टप्पा ८ चा जोर अपुरा आहे. सगळीच मापे एकदम घसरली, तर व्यायाम वाढवू नये; आधी संसर्ग, बद्धकोष्ठ, झोप आणि चुकलेल्या गोळ्या यांचा शोध घ्यावा. अशा वेळी मूत्रमार्गाचा साधा संसर्गही पार्किन्सन बळावल्याचा भास करून देतो.

तापात व्यायाम बंद ठेवावा, मात्र बरगड्यांवर हात ठेवून घेतलेले श्वास आणि "हाऽ" चा उच्छ्वास दिवसातून तीन-चार वेळा चालू ठेवावा. रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास गोळ्यांच्या वेळा मिनिटांसह एका कागदावर लिहून परिचारिकेकडे द्याव्यात, कारण लेव्होडोपा अचानक थांबल्यास प्राणघातक ताठरपणा आणि ताप येऊ शकतो. मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड आणि अस्वस्थतेसाठी हॅलोपेरिडॉल ही औषधे पार्किन्सन वाढवतात, हेही त्याच कागदावर नोंदवावे. घरी परतल्यानंतर जेथे व्यायाम थांबला होता तेथून सुरुवात न करता मापे नव्याने घ्यावीत आणि टप्पा ५ पासून, निम्म्या आवर्तनांनी, पुन्हा सुरुवात करावी.